मधल्या मापाचं गिऱ्हाईक

ऑनलाइन कपड्यांच्या धंद्यात नुकसान कोण करतं? मिरजोळ्यातल्या एका घरात या प्रश्नाची दोन उत्तरं मिळतात. पुढच्या खोलीत सुरतेहून आणलेल्या कुर्त्यांचे गठ्ठे रचून बसलेला धाकटा भाऊ सांगतो, गिऱ्हाईक. त्यातही एल, एक्सएल, डबल एक्सएल घेणाऱ्या बायका. दोन साइज मागवायच्या, एक ठेवायची, एक परत. कधी दोन्ही परत. मागच्या पडवीत मशीनवर बसलेली त्याची वहिनी मान वर न करता म्हणते, विकणारा. स्वतःच्या मालाचं माप ज्याला ठाऊक नाही त्याचं नुकसान व्हायचंच.

असं घर रत्नागिरीच्या आसपास कुठेही सापडेल, म्हणून नावं बाजूला ठेवू. वहिनी आणि भावोजी एवढं पुरे. वहिनी ब्लाऊज आणि ड्रेस शिवतात. अंगाने ना बारीक, ना स्थूल. छाती ४१ इंच. स्वतःचे कुर्ते मात्र त्या फोनवरून मागवतात, कारण गणपतीच्या आधी गावभरचे कपडे शिवताना स्वतःचा शिवायला सवड कुठली? भावोजी मोठ्या ॲपवर विक्रेते म्हणून नोंदलेले. म्हणजे दुकानदार, शिंपी आणि गिऱ्हाईक एकाच छपराखाली. वाद रोजचाच.

मिरजोळे रत्नागिरी शहराला खेटून आहे. एमआयडीसी इथलीच, सुरिमी बनवणाऱ्या गद्रे मरीनसारख्या मासळी प्रक्रियेच्या कारखान्यापासून लहानसहान वर्कशॉपपर्यंत सगळं तिथे आहे. कामावर जाणाऱ्या बाईला पाळी सुटल्यावर राम आळीत जाऊन चार दुकानं पालथी घालण्याचं त्राण उरत नाही, पार्सल मात्र दारात येतं. पण वेळ वाचतो एवढंच कारण नाही. वहिनी ते उघड बोलतात.

"दुकानात पाय ठेवला की काउंटरवरचा मुलगा नजरेनेच माप घेतो. लांबूनच सांगतो, ताई, तुमच्यात नाही बसणार. चारचौघांत. फोन असलं काही बोलत नाही."

"फोन बोलत नाही, पण पार्सल परत आलं की माझं तोंड बघा," भावोजी म्हणतात. "जायचं भाडं, यायचं भाडं, वर पिशवी फाटलेली, घडी मोडलेली. वहिनी, गिऱ्हाईक माप घेतच नाही हो. मागच्या वेळी एल घेतला होता म्हणून आताही एल. तो एल दुसऱ्या कंपनीचा होता, हे बघतं कोण?"

"एलला माप असतं का? ते अक्षर आहे."

वहिनींचा मुद्दा इथून सुरू होतो. आपल्याकडच्या कुर्त्यांमध्ये ढोबळ रिवाज असा, की एम म्हणजे ३८, एल ४०, एक्सएल ४२ आणि डबल एक्सएल ४४. हा रिवाज आहे, नियम नव्हे. एकाचा एल दुसऱ्याचा एक्सएल असू शकतो. त्याहून मोठी गोम पुढे आहे. हे ४२ अंगाचं माप, की कपड्याचं? बऱ्याच तक्त्यांत ते लिहिलेलंच नसतं. सुती, न ताणणाऱ्या कापडाचा कुर्ता अंगाच्या मापापेक्षा दोन-तीन इंच तरी सैल असावा लागतो, नाहीतर हात वर करताना मुंढ्यात काचतो. वहिनींच्या ४१ छातीला तयार कुर्ता ४४ चा हवा. तक्त्यातलं ४२ अंगाचं असेल तर एक्सएल त्यांना नीट बसेल. कपड्याचं असेल तर बटण लागेल, पण बसवेल-उठवेल असं नाही.

भावोजींचं म्हणणं, ही अडचण सगळ्यांचीच. त्यात मधल्या मापाचं वेगळं काय?

वेगळं आहे. बारीक बाईला कुर्ता सैल आला तर ती तो वहिनींकडे आणते, दोन्ही बाजूंना टिपा मारल्या की काम झालं. मधल्या मापाच्या बाईला घट्ट आला तर सोडवायला आत कापडच नसतं. कारखान्यातली शिवण ओव्हरलॉकच्या काठाला जेमतेम सेंटिमीटरभर आत असते. सैल कपडा दुरुस्त होतो, घट्ट कपडा परतच जातो. म्हणून हीच गिऱ्हाइकं दोन साइज मागवतात. भावोजी ज्याला खोड म्हणतात तो खरं तर हिशेब आहे.

स्थूल म्हणवल्या जाणाऱ्या गिऱ्हाइकाची दखल उशिरा का होईना, घेतली गेली. फ्युचर ग्रुपने २००५ मध्ये मोठ्या मापांसाठी 'ऑल' नावाची वेगळी दुकानं काढली, आणि २०१६ मध्ये त्याच ब्रँडसोबत मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकमध्ये मोठ्या मापाच्या मॉडेल रॅम्पवर चालल्या. ते चांगलंच झालं. पण एल ते डबल एक्सएलमधली बाई या दोन्ही जगांच्या मधे उभी आहे. जाहिरातीतली मॉडेल तिच्यापेक्षा बारीक, मोठ्या मापाच्या दुकानातली तिच्यापेक्षा भारी. तिच्यासाठी साइज आहे, कपडा नाही.

"म्हणजे काय? एक्सएल तर सगळेच ठेवतात," भावोजी.

"ठेवतात. पण तो एक्सएल एक्सएलच्या अंगावर कधी घालून बघितलेला असतो का, ते विचारा तुमच्या सुरतवाल्याला."

तयार कपड्यांच्या कारखान्यात एक मूळ साइज ठरवतात, बहुधा एम. तिचा नमुना पुतळ्यावर किंवा माणसाच्या अंगावर बसवून पारखतात. बाकीच्या साइज त्यातूनच, ठरावीक अंतराने वाढवत किंवा घटवत काढतात. याला ग्रेडिंग म्हणतात. छातीला दोन इंच, कमरेला दोन, सीटला दोन, खांद्याला थोडंसं, असं प्रत्येक पायरीला. मूळ साइजच्या एक-दोन पायऱ्या वरखाली हे बऱ्यापैकी जमतं. त्यापुढे मात्र लहान फोटो झेरॉक्सवर मोठा करावा तसं होतं: आकार वाढतो, चेहरा बिघडतो. कारण बाईचं अंग सगळीकडे सारखं भरत नाही. खांद्याचं हाड वयाबरोबर रुंदावत नाही. दंड, पोट आणि सीट भरते. एमच्या पोटातून निघालेला डबल एक्सएल खांद्यावरून घसरतो आणि दंडाला आवळतो. कंबरेखालचा साइड कट पोटावरच फाकतो, ही तर वहिनींकडे येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या बाईची तक्रार. बाई सीटला बसेल असा कुर्ता घेते, मग गळा खाली ओघळतो. गळा धरून घेतला तर बसताना कट उसवतो.

यावर उपाय अवघड नाही, खर्चिक आहे: एक्सएलचा दुसरा मूळ नमुना करायचा, एक्सएलच्या बाईच्या अंगावर घालून बघायचा, आणि एल ते ट्रिपल एक्सएल त्यातून काढायचे. मोठ्या मापांचे खास ब्रँड असा वेगळा नमुना करतात. स्वस्त कुर्त्यांच्या बाजारात तो कोणी करत नाही.

"मी कुठे कारखानदार आहे?" भावोजी हात झटकतात. "मी तयार सेट उचलतो. एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल, प्रत्येकी एक. आहे तसा विकतो."

"आणि एक्सएलला पैसे जास्त का पडतात, तेही कधी विचारलं नाहीत?"

ते भावोजींना माहीत आहे: कापड जास्त लागतं. पण किती जास्त आणि का, हे वहिनींनी पाटीवर खडूने मांडून दाखवलं, आणि या सगळ्या वादातला सगळ्यात भरीव भाग तोच आहे. सुती कापडाचा पन्हा बहुतेक वेळा ४४ इंच. सरळ कुर्त्याचे मुख्य भाग दोन, पुढचा आणि मागचा. तयार छाती ४० हवी तर एक भाग २० इंचांचा, शिवणीसकट २२. दोन भाग शेजारी ठेवले की २२ आणि २२, बरोबर ४४. पन्ह्यात बसले. आता तयार छाती ४६ करा. एक भाग २३, शिवणीसकट २५. दोन मिळून ५०. पन्ह्यात बसत नाहीत. मग दुसरा भाग पहिल्याच्या खाली घ्यावा लागतो आणि लांबी जवळजवळ दुप्पट होते. बाजूला उरलेल्या पट्टीत बाह्या निघतात, कारखान्यात वेगवेगळ्या साइज एकत्र मांडून आणखी थोडं वाचवतात, तरी फटका बसतोच. त्यात कुर्त्याचा घेर छातीपेक्षा मोठा असतो, म्हणजे अडचण आधीच्याच साइजपासून सुरू.

एल आणि एक्सएलच्या मधे जी अदृश्य रेघ आहे ती बऱ्याचदा बाईच्या अंगावर नसून कापडाच्या काठावर असते. आणि काही कारखानदार ती ओलांडायचं टाळतात. लेबलवर एक्सएल लिहायचं आणि घेर चोरायचा, म्हणजे भाग पन्ह्यात बसतात.

"कापड चोरण्याबद्दल शिंप्याने बोलावं?" भावोजींना ही संधी सोडवत नाही.

वहिनी हसतात, पण मुद्दा सोडत नाहीत. मोठ्या साइजसाठी ५८ इंची पन्ह्याचं कापड घेतलं तर दोन भाग शेजारी आरामात बसतात. ते नसेल तर कळ्या लावाव्यात. अरुंद कापडातून मोठा घेर काढायला आपल्याकडे अंगरख्यापासून कळ्याच लावत आले आहेत. कळीदार कुर्त्यात बाजूची पट्टी वेगळी कापली जाते, त्यामुळे छाती तेवढीच ठेवून पोटाला आणि सीटला हवी तेवढी जागा देता येते. मधल्या मापाच्या बाईला नेमकं हेच हवं असतं. एखाद्या ऑनलाइन दुकानाने 'कळीदार' हा नुसता फॅशनचा शब्द म्हणून न वापरता, पोटाला जागा देणारे कुर्ते असा वेगळा कप्पा केला तर तो आधी कोण उघडेल, हे सांगायला नको.

भावोजींची बाजूही नीट ऐकली पाहिजे, कारण ती खोटी नाही. सेट फोडून नुसते एक्सएल मागितले तर घाऊक व्यापारी भाव वाढवतो. एक्सएल आधी संपतो, एम पडून राहतो, तरी पुढचा माल पुन्हा तसाच सेटमध्ये उचलावा लागतो. जास्त साइज ठेवा, असं सांगणारे साठ्यात अडकलेले पैसे मोजत नाहीत. त्यासाठी त्यांनी अमेरिकेतलं उदाहरण काढलं, आणि ते त्यांच्यावरच उलटलं.

ओल्ड नेव्ही या अमेरिकेतल्या मोठ्या साखळीने ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या सगळ्या दुकानांत बायकांचे कपडे शून्यापासून २८ नंबरपर्यंत एकाच किमतीत ठेवायला सुरुवात केली. वेगळा कोपरा नाही, जास्त पैसे नाहीत. गाजावाजा मोठा झाला. वर्षही पुरतं झालं नाही तोच, २०२२ च्या मे महिन्यात, दुकानांतल्या साइज कमी करण्याची वेळ आली.

"बघा," भावोजी म्हणाले. "सगळ्यांना सगळं द्यायला गेलं की असं होतं."

"पण उरलं काय आणि संपलं काय?"

उरले अगदी लहान आणि अगदी मोठे कपडे. संपल्या त्या मधल्या साइज. म्हणजे सगळ्या टोकांना सारखा माल पाठवताना कंपनीने मधल्या गिऱ्हाइकालाच रिकाम्या हाताने पाठवलं. या प्रयोगाची चर्चा मोठ्या मापांचा प्रयोग फसला अशीच झाली. खरं तर तो मधल्या मापांची मोजदाद फसल्याचा दाखला आहे. प्रत्येकी एक नगाचा सेट हीच चूक लहान प्रमाणावर करतो. ॲपकडे कोणती साइज किती वेळात संपली, किती जणींनी संपलेल्या एक्सएलवर बोट ठेवून पान बंद केलं, याची नोंद असते. ती नोंद मिरजोळ्यातल्या विक्रेत्यापर्यंत आणि तिथून सुरतेच्या व्यापाऱ्यापर्यंत पोचली तर एमच्या एका नगाला एक्सएलचे दोन असा सेट बांधता येईल. हे काम एकट्या विक्रेत्याच्या आवाक्यातलं नाही, ॲपवाल्यांचं आहे.

"सरकार एक तक्ता काढतंय म्हणे, सगळ्या भारतीयांचा," भावोजी म्हणाले. "तो येऊ दे. मग सगळेच सुधारू."

ते म्हणतात तो 'इंडियासाइझ' प्रकल्प. वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठबळाने निफ्ट, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, तो करते आहे. १५ ते ६५ वयोगटातल्या २५ हजार स्त्री-पुरुषांची त्रिमितीय स्कॅनरने मापं घ्यायची, अशी ही योजना. शहरं सहा: मुंबई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद, बंगळुरू आणि शिलाँग. गरज खरीच आहे, कारण आपले तक्ते आजही परदेशी मापांत थोडंफार कातरकाम करून बनवलेले असतात. पण तक्ता आला की प्रश्न मिटतो, असं इतिहास सांगत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांच्या देखरेखीखाली जवळपास १५ हजार बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली. अहवालात धरल्या त्या फक्त गोऱ्या बायका. त्याच्या आधारावर १९५८ मध्ये साइजचं मानक आलं आणि १९८३ मध्ये ते मागे घेतलं गेलं. त्यानंतर जो तो आपापला आकडा छापायला मोकळा झाला. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून मोठ्या कपड्यावर लहान नंबर लावायची युक्तीही फोफावली.

वहिनींचं उत्तर याहून साधं होतं. "सरकार माझं अंग मोजेल, भावोजी. तुमचा कुर्ता कोण मोजणार?"

कायदा खरं तर हेच विचारतो. वजन-मापांच्या २०११ च्या नियमांमधून २०२२ च्या अखेरीस सुटे विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांना बऱ्याच उल्लेखांची सूट मिळाली. पण चार गोष्टी राहिल्या: उत्पादकाचं किंवा विक्रेत्याचं नाव-पत्ता, ग्राहक सेवेचा ईमेल आणि फोन, एमआरपी, आणि साइज. साइज लिहायची ती नुसती एस, एम, एल अशी नव्हे. सोबत सेंटिमीटरमध्ये किंवा मीटरमध्ये मापही हवं. आपल्या कपाटातल्या कुर्त्यांची लेबलं वाचकाने उलटून बघावीत.

दुसरा धागा २०२० च्या ई-कॉमर्स नियमांचा. वस्तू जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. इथेच भावोजींची खरी भीती बाहेर आली.

"म्हणजे मी छाती ११२ सेंटिमीटर लिहिली आणि कपडा १०८ निघाला तर चूक माझी. न लिहिलेलं बरं. अक्षर लिहिलं की वाद गिऱ्हाइकाच्या अंगाचा होतो, माप लिहिलं की माझ्या मालाचा."

इतकं प्रामाणिक वाक्य या धंद्यात क्वचित ऐकू येतं. मोठ्या ब्रँडच्या चकचकीत तक्त्यांमागेही हाच विचार असावा, असा संशय यावा इतका तक्त्यांतला धूसरपणा सारखा आहे. यात तोट्याची बाजू गिऱ्हाइकावर ढकलली जाते, आणि शेवटी ती परताव्याच्या रूपाने विक्रेत्याकडेच येते. वहिनींनी तोडगा सुचवला तो शिवणकामातलाच: दोन सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतं, असं स्पष्ट लिहा आणि प्रत्येक लॉटमधला प्रत्येक साइजचा एक नग टेपने मोजा. फरक त्यापेक्षा जास्त असेल तर माल सुरतेला परत. गिऱ्हाइकाच्या आधी तुम्हीच परत पाठवा.

आणि मोजायचं काय? छाती आणि लांबी बहुतेक जण देतात. मधल्या मापाच्या बाईला त्यांचा उपयोग कमी. तिला हवी आहेत ती सीटची, दंडघेराची, मुंढ्याची आणि साइड कट कुठून सुरू होतो त्याची मापं. त्याबरोबर, कापड धुतल्यावर आटतं की आधीच भिजवून घेतलंय, हेही. शिंपी सुती कापड शिवायच्या आधी भिजवायला सांगतो ते उगाच नाही. बारीक बाईचा सैल कुर्ता थोडा आटला तरी अंगात जातो. मापात जेमतेम बसलेला कुर्ता पहिल्या धुण्यानंतर बाद होतो, आणि धुतलेला कपडा कोणी परत घेत नाही. 'प्री-श्रंक' असं लिहिलेलं असलं तर त्याचे वीस-तीस रुपये जास्त द्यायला वहिनी तयार आहेत.

भावोजींना यंत्रावर जास्त भरवसा. आता फोनच सांगेल म्हणतात कोणती साइज बसेल. अंगावर कपडा चढवूनही दाखवेल. तसं होतही आहे. इस्रायलच्या झीकिट या कंपनीच्या मदतीने ब्रिटनच्या एसॉसने २०२० मध्ये एकच ड्रेस वेगवेगळ्या बांध्यांच्या मॉडेलवर दाखवायला सुरुवात केली. वॉलमार्टने २०२१ मध्ये झीकिट विकत घेतली आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना ५० मॉडेलमधून आपल्यासारखी निवडता येईल अशी सोय केली. फ्लिपकार्ट २०१८ पासून वॉलमार्टच्या ताब्यात आहे आणि मिंत्रा २०१४ पासून फ्लिपकार्टची. म्हणजे हे तंत्र घरातलंच आहे. पण चित्रावर चढवलेला कपडा मुंढ्यात काचत नाही. उलट घरी घालून बघा, मग पैसे द्या, ही ॲमेझॉनची अमेरिकेतली योजना जानेवारी २०२५ मध्ये बंद झाली, कारण फोनवरच्या अशा सोयी गिऱ्हाईक जास्त वापरतं, असं कंपनीचं म्हणणं. कंपनीच्या दृष्टीने ते स्वस्त आहे, हे मात्र नक्की.

याहून साधी गोष्ट फुकट होते. कपडा घातलेल्या मॉडेलची उंची आणि तिने घातलेली साइज फोटोखाली लिहायची. भारतीय बाईची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास. मॉडेलची त्याहून वीतभर जास्त. तिच्या गुडघ्यावर येणारा कुर्ता मिरजोळ्यात पोटरीवर येतो. अभिप्राय लिहिणाऱ्या बायकांनाही नुसते तारे विचारू नयेत. उंची, घेतलेली साइज, आणि कुठे घट्ट झाला, एवढं विचारावं. कपडे भाड्याने देणाऱ्या अमेरिकेतल्या रेंट द रनवेने बायकांकडून हे लिहून घेतलं, आणि नवीन गिऱ्हाईक मॉडेलपेक्षा या बायकांकडे बघून साइज ठरवू लागलं.

वहिनींची सगळ्यात चांगली सूचना मात्र परदेशातली नाही. त्यांच्याकडे ब्लाऊज शिवायला येणारी बाई टेपने माप देत नाही. पिशवीतून मापाचा ब्लाऊज काढते. हा बसतो, असाच शिवा. ऑनलाइन दुकानाने हेच करावं. नीट बसणारा कुर्ता जमिनीवर पसरून त्याची पाच-सहा मापं एकदाच भरून घ्यावीत, मग जो कुर्ता बघाल तो 'तुमच्या मापाच्या कुर्त्यापेक्षा सीटला तीन सेंटिमीटर कमी, दंडाला एक जास्त' असं सांगेल. ना वजन विचारायचं, ना वय, ना अंगाचा फोटो मागायचा. स्वतःचं अंग मोजायला बायका कचरतात, कुर्ता मोजायला कोणी कचरत नाही.

"हे ॲपवाल्यांना सांगा," भावोजी म्हणाले, पण या वेळी आवाज नरम होता.

एका गोष्टीवर त्यांचं जमलंच नाही. एक्सएलच्या पुढच्या कुर्त्यांना बाजूच्या शिवणीत इंचभर जास्तीचं कापड सोडावं, म्हणजे गावातला कोणीही शिंपी उसवून सैल करील आणि परतावा वाचेल, हा वहिनींचा आग्रह. साडीच्या ब्लाऊजला प्रत्येक शिंपी तेवढं सोडतोच. भावोजी म्हणतात, कारखान्यात ते चालत नाही. ओव्हरलॉकवर तशी शिवण घ्यायची तर वेळ जातो, कापड जातं आणि कट जाड दिसतो. या मुद्द्यावर प्रस्तुत लेखकाचं मत वहिनींच्या बाजूचं आहे. पाचशे रुपयांच्या कुर्त्याच्या फेऱ्यांत जे भाडं वाया जातं त्यापुढे इंचभर कापड स्वस्त पडावं, आणि ज्या मापांत चूक जास्त होते त्याच मापांत सुधारणेची जागा ठेवायची नाही, याला व्यवहार म्हणत नाहीत.

सध्या ठरलंय ते असं: दिवाळीच्या मालातला प्रत्येक साइजचा एक नग वहिनी मोजून देणार, भावोजी ती मापं सेंटिमीटरमध्ये पानावर टाकणार आणि 'कपड्याचं माप, अंगाचं नव्हे' असं वर लिहिणार. मोजण्याची मजुरी वेगळी. त्यावर घासाघीस चालू आहे.

वाचकांसाठी एवढंच. पुढचा कुर्ता मागवताना तक्त्यातलं माप कपड्याचं की अंगाचं, हे लिहिलेलं नसेल तर विक्रेत्याला विचारा, आणि आलेला कपडा लिहिलेल्या मापाचा नसेल तर परतीचं कारण 'साइज बसली नाही' असं निवडू नका. 'वर्णनाप्रमाणे नाही' असं निवडा. पहिल्यात चूक तुमच्या नावावर लागते, दुसऱ्यात विक्रेत्याच्या. तरी दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि तिथे मराठीतही तक्रार देता येते.